सई, मान दुखली तर सांगायचं

मंगळवार पेठ, कोल्हापूर

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

बिदरच्या फायटर ट्रेनिंगमध्ये सॉर्टीनंतर, म्हणजे उड्डाणानंतर, मान आखडते, उजवीकडं मागं वळून बघताना कळ येते, हे तू आईला सांगितलंस आणि वर म्हणालीस, "पप्पांना सांगू नको, उगं लेक्चर देत बसतील." आईच्या पोटात ते अर्धा तासही राहिलं नाही. तेव्हा आता लेक्चर ऐक. फोनवर तू "हां हां" करत दुसरंच काहीतरी करत असतेस, म्हणून लिहून पाठवतोय.

आज्जीचं मत आधी सांगून टाकतो. ती सैनिक टाकळीची. तिच्या माहेरात घरटी माणूस फौजेत. तिचं म्हणणं, फौजेतल्या माणसानं मान दुखती, पाठ दुखती असं कधी सांगू नये, चारचौघांत हसं होतं. मी तिच्याशी वाद घालत नाही, तू पण घालू नकोस. पण तिच्या भावांच्या खांद्यावर पिठ्ठू, म्हणजे सामानाची पिशवी, होता आणि तुझ्या मानेवर 'जी' आहे, म्हणजे विमान जोरात वळताना वजन कैक पटींनी वाढवणारा भार, हा फरक तिला मी कसा समजावू?

हिशेब सोपा आहे. माणसाचं डोकं साडेचार-पाच किलोचं. हेल्मेट आणि मास्क धरले तर आणखी दीड-दोन किलो. म्हणजे जमिनीवरच तुझी मान साडेसहा किलो पेलते. हॉकवर, तुमच्या ट्रेनिंगच्या जेटवर, 6 जीचं, म्हणजे सहापट वजनाचं, वळण घेतलंस की तेच 40 किलो होतं. उद्या सुखोईवर गेलीस आणि 9 जी लागला तर 60 च्या जवळ. एवढा भार डोकं सरळ असताना आला तर मणका सोसतो, कारण एकावर एक मणके नीट बसलेले असतात. पण तुमचं काम सरळ बघून होत नाही. शेपटीमागं कोण आलंय ते बघायचं, तुम्ही चेक सिक्स म्हणता ते, म्हणजे मान मागं झुकवायची आणि त्याच वेळी वळवायची. या अवस्थेत वळलेल्या बाजूचे मणक्यांचे छोटे सांधे एकमेकांवर दाबले जातात, नस बाहेर पडायची वाट अरुंद होते आणि स्नायू त्यांच्या टोकाच्या ताणावर असतात, जिथं त्यांच्यात जोर सगळ्यात कमी. त्यात 40 किलो. फायटर पायलटांच्या मानेच्या दुखापतींची वर्णनं वाचली की फिरून फिरून हीच अवस्था समोर येते. तुझी कळ पण तिथलीच आहे. त्यामुळं मला त्यात नवल वाटलं नाही, काळजी मात्र वाटली.

तू म्हणशील, पप्पा, मी पैलवानाची नात आहे. आज्ज्यांची मान बैलासारखी होती हे मान्य. पण गेल्या महिन्यात माझ्याकडं तालमीतला एक पोरगा उपचाराला आला होता. कान फुटलेले, मान खांद्यापासून वेगळी दिसतच नाही अशी. मॅटवर डोकं टेकून ब्रिज घालतो आणि वर दोघांना उभं करतो. त्याला पाठीवर झोपवलं, मानेखाली दाब मोजायचा काटा लावलेली हवेची छोटी पिशवी ठेवली, काटा 20 वर आणला. म्हटलं, कुणाला हळूच होकार द्यावा तशी हनुवटी किंचित खाली घे, काटा 22 वर ने आणि दहा आकडे मोजेपर्यंत तिथंच धर. काटा थेट 40 वर! गळ्याच्या दोन्ही बाजूच्या दोऱ्या टरारून वर आल्या, जबडा आवळला, श्वास अडकला. पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच. शेवटी म्हणाला, "डॉक्टर, ह्येच्यापरीस कुस्ती सोपी."

वरवर दिसणारे मोठे स्नायू डोकं ओढतात, ढकलतात. मणक्याला चिकटून असलेले आतले बारीक स्नायू प्रत्येक मणका त्याच्या जागी धरून ठेवतात. पैलवानाचे वरचे दणकट होते, आतले झोपलेले. तुला दोन्ही लागणार, आणि सुरुवात आतल्यांपासून करायची. बिदरला पिशवी नसली तरी अडत नाही. टॉवेलची घडी मानेखाली घे, बोटं गळ्यावर ठेव, हनुवटी किंचित खाली, वरच्या दोऱ्या कडक व्हायला लागल्या की थांब. दहा आकडे, दहा वेळा, रोज. दिसायला हा व्यायाम इतका फालतू आहे की जिममधली पोरं हसतील. हसू देत.

हे जमायला लागलं की मग जोराचं. तळहातानं डोक्याला चारी बाजूंनी विरोध करायचा, डोकं हलू द्यायचं नाही. त्यानंतर रबरी पट्टा डोक्याला लावून हळूहळू वळणं, आणि विशेष म्हणजे परत येताना सावकाश सोडणं, कारण जी वाढताना तुझे स्नायू आखूड होत नाहीत, ते ताणले जात असताना धरून ठेवतात. खांद्याच्या पाट्यांचे स्नायू विसरू नकोस, मानेचा अर्धा तंबू त्यांच्यावर उभा असतो. आणि छातीमागचा मणका वळता ठेव. तो जाम असला की मागं बघायचं सगळं काम एकटी मान करते. पट्ट्यांमध्ये आवळलेली असतानासुद्धा खांदा जेवढा वळेल तेवढा आधी वळव, मग मान, आणि शेवटचा तुकडा डोळ्यांना करू दे.

ब्रिज मात्र घालायचा नाही. आज्जे असते तर मला फटकावलं असतं, पण कुस्तीत चितपट वाचवायला जे लागतं ते कॉकपिटमध्ये कशालाच लागत नाही. मान मागं मोडून तिच्यावर अंगाचं वजन टाकायचं, हे तर तू विमानात रोजच करतेस.

एक मोजमाप सांगतो, टोमणा समजू नकोस. बायकांच्या मानेची ताकद सरासरीनं पुरुषांपेक्षा कमी भरते, आणि हेल्मेट काही त्या प्रमाणात हलकं मिळत नाही. 2016 साली अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंग फायटरमध्ये गेल्या तेव्हा पेपरातला त्यांचा फोटो कापून तू कपाटाला चिकटवला होतास. कॉकपिट आणि हेल्मेट मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून पुरुषांची शरीरं समोर धरून बनत आलेत. तेव्हा शेजारच्या पोराला जेवढा व्यायाम पुरतो तेवढा तुला पुरेलच असं नाही. हेल्मेट सैल वाटलं तर लगेच नीट करून घे. जी लागला की सैल हेल्मेट पुढं घसरतं, वजन कपाळाकडं जातं आणि मागचे स्नायू दुप्पट राबतात. पुढं रात्रीच्या उड्डाणाला अंधारात बघायचे चष्मे लागतील, ते तर कपाळावरच लटकतात.

आता वेळेबद्दल, कारण ताकदीपेक्षा मला त्याचं महत्त्व जास्त वाटतं. आधी मान ठरवायची, मग जी. जी लागल्यावर मान फिरवायची नाही. बघायचंच असेल तर स्टिक, म्हणजे विमान वळवायचा दांडा, ओढायच्या आधी डोकं हवं तिथं ने, सीटच्या टेकूला किंवा कॅनॉपीच्या, म्हणजे वरच्या काचेच्या झाकणाच्या, बाजूला आधार मिळत असेल तर घे, आणि मग ओढ. मधेच दिशा बदलायची वेळ आली तर शक्य असेल तेव्हा भार थोडा सैल करून बदल. दोन सीटच्या विमानात स्टिक ज्याच्या हातात नाही त्याची मान जास्त वेळा सापडते, कारण जी कधी येणार हे त्याला आधी कळत नाही. तुझे सर दाखवत असताना तू खाली नकाशा बघत बसलीस की तीच गत. "पुलिंग", म्हणजे आता ओढतोय, हा एक शब्द सांगायला कितीसा वेळ लागतो? सर सांगत नसतील तर नम्रपणे विचार. बेंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिनमध्ये सेंट्रिफ्यूजवर, म्हणजे गरागरा फिरवणाऱ्या यंत्रावर, जी सोसायला शिकवतात, पोटऱ्या-मांड्या-पोट आवळून श्वास धरायचा तो सराव तिथं पक्का होतो. पण तिथं डोकं सरळ ठेवूनच बसायचं असतं, त्यामुळं मान कशी सांभाळायची हे ज्याचं त्याला विमानात शिकावं लागतं.

तू सीट टणक आहे म्हणून कुरकुरली होतीस आणि आईनं लगेच जेलची गादी शोधायला घेतली. ती गादी ब्रीफिंग रूमच्या खुर्चीवर ठेव, लाड कर. विमानाच्या सीटवर मंजुरीशिवाय रुमालसुद्धा नको. इजेक्शनच्या वेळी, म्हणजे संकटात पायलट सीटसकट विमानाबाहेर फेकला जातो तेव्हा, सीट क्षणार्धात 12 ते 20 जीच्या आसपास जोरानं वर उडते. खाली मऊ गादी असली तर सीट आधी निघते, गादी दबत राहते, तू अजून जागेवरच, आणि मग सीट येऊन तुझ्या बुडावर आदळते. उसाच्या ट्रॉलीला सैल दोर बांधून ट्रॅक्टर एकदम पुढं घेतला की दोर कसा तुटतो, ते तू हंगामात दरवर्षी बघितलंयस. त्या जागी तुझा मणका असतो. पट्टे आवळून ठेवायचे ते पण याचसाठी.

इजेक्शनमध्ये मणका बहुतेक वेळा छातीचा बारावा आणि कमरेचा पहिला यांच्या आसपास चेपतो, कारण बरगड्यांनी बांधलेला कडक भाग तिथं संपतो आणि कमरेचा हलता भाग सुरू होतो. पाठ टेकलेली आणि सरळ असली तर भार मणक्याच्या सगळ्या पृष्ठभागावर बसतो. पुढं वाकलेली असली तर पुढच्या कडेवर, आणि मणका पाचरीसारखा चेपतो. म्हणून डोकं टेकूला, हनुवटी किंचित वर, कोपरं आत, मांड्या सीटला टेकलेल्या. निवडीच्या वेळी तुझी बसलेली उंची 81.5 ते 96 सेंटिमीटरमध्ये बसते का, मांडी 64 पेक्षा लांब नाही ना, हे मोजलं आणि मणक्याचे एक्स-रे काढले, तेव्हा तू वैतागली होतीस. ती मोजणी याच सीटसाठी होती. या प्रकरणावर मी जास्त लिहीत नाही. आई हे पत्र वाचणार आहे.

गणपतीला घरी आलीस की कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये चंपी करून मान मोडून घ्यायची नाही. "कट्ट" आवाज आला की बरं वाटतं हे मला माहीत आहे. पण एकदम पिळलेल्या मानेत मेंदूकडं जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा होऊ शकते, आणि तुझी मान आधीच दमलेली आहे. वस्तादांना नमस्कार कर, तेल लावून घे, खांदे चोळून घे, मान त्यांच्या हातात देऊ नकोस. मेडिकलमधून स्वतःच्या मनानं गोळ्या आणणं तर साफ बंद. स्नायू सैल करणाऱ्या गोळ्यांनी झोप येते. तुमच्या मेडिकल ऑफिसरला माहीत नसलेली कुठलीही गोळी खाऊन तू विमानात बसायचं नाही.

खरं बोलायचं ते हे. तू आम्हाला सांगितलंस, तिथं कुणाला सांगितलं नाहीस. का, ते मला कळतं. मेडिकल कॅटेगरी, म्हणजे उड्डाणाला फिट असल्याचा दर्जा, खाली जाईल, कोर्समधले पुढं निघून जातील, एखादा म्हणेल पोरगीच शेवटी. सगळ्या जगात कित्येक फायटर पायलट याच भीतीनं मान दुखत असताना गप्प बसतात. पण माझ्या टेबलावर जे येतात त्यांच्यात मला दोन जाती दिसतात. एक आठवड्याच्या आत आलेला, त्याचा ताणलेला स्नायू थोड्या दिवसांत सुधारतो आणि तो परत मैदानात. दुसरा वर्षभर बाम चोळून आलेला. त्याचा हात झिणझिणायला लागलेला असतो, मूठ सैल पडते, आणि मग मलाच त्याला सांगावं लागतं की बाबा रे, आता हंगाम विसर. डॉक्टर तुला जमिनीवर बसवतील याची तुला भीती, आणि गप्प राहिलीस तर तीच वेळ पुढं जास्त दिवसांसाठी येईल याची मला. अमेरिकेच्या हवाई दलानं तर आता फायटर स्क्वाड्रनमध्येच फिजिओथेरपिस्ट बसवायला सुरुवात केलीय. पायलट लांबच्या दवाखान्यात जात नाही, पण चहा पिता पिता शेजारच्या माणसाला मान दाखवतो, एवढं त्यांना कळलं. मला ही गोष्ट फार पटते.

हातात मुंग्या, बोटांत बधिरपणा, पकड सैल, चालताना तोल जाणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, यातलं काहीही दिसलं तर त्या दिवशी उड्डाण नाही, थेट डॉक्टर. यातलं काही नसलं तरी या सोमवारी जायचंच. व्यायाम केला की मान कधी दुखणारच नाही असं मी म्हणत नाही. दुखेल. दुखण्याची नोंद तिथं झालेली असली म्हणजे झालं.

सॉर्टीनंतर लगेच वजनं उचलायला जाऊ नकोस, जीनं दबलेल्या मणक्यांमधल्या चकत्यांना थोडी उसंत दे. पाणी पी. आणि मेसमध्ये मान खाली घालून तासभर मोबाईल बघत बसतेस ते बंद कर, तिथं जी नसला तरी डोकं पाच किलोचंच असतं.

पट्टा कुरिअरनं पाठवलाय, आईनं त्याच डब्यात लाडू कोंबलेत. सोमवारी डॉक्टर काय म्हणाले ते सविस्तर लिही. व्हॉट्सॲपवर नुसतं "ओके, मी बरी आहे" आलं तर मी रात्रीच्या गाडीनं बिदरला येईन आणि तुझ्या सरांसमोर विचारीन.

तुझा,
पप्पा