कॉलर उलटा, स्वेटर आडवा वाळवा

महोदय,

'प्रेपी' ही अमेरिकी पोशाखशैली म्हणजे नेव्ही ब्लेझर आणि लोफर (बिनलेसचे बूट), अशी खरेदीची यादी सध्या सगळीकडे दिसते. अमेरिकेच्या ईशान्येकडील न्यू इंग्लंडच्या बोर्डिंग शाळांतून आणि हार्वर्ड, येलसारख्या आयव्ही लीग विद्यापीठांतून आलेली ही राहणी मुळात वस्तू टिकवण्याची आहे. ऑक्सफर्ड कापडाच्या शर्टाची कॉलर दुमडीवर आधी विरते. तेव्हा शर्ट टाकायचा नसतो. कॉलर पट्टीपासून उसवून, उलटून पुन्हा शिवायची. शेटलंड लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात चोळला की आटतो, ओला टांगला की स्वतःच्याच वजनाने लांबतो. गार पाण्यात दाबून धुवावा, टॉवेलात गुंडाळून पाणी काढावे आणि आडवा वाळवावा. मळका ठेवला तर कसर लागण्याची भीती जास्त. कोपरावर विरला तर चामड्याचे ठिगळ लावावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही. चामडी लोफर लागोपाठ दोन दिवस घालू नयेत, कारण दमट चामडे वाकते तिथे भेगाळते. यातले मद्रास चेक्स तर मूळचे आपल्याकडचे हातमागाचे सुती कापड! त्याचे जुन्या पद्धतीचे रंग सुटतात, म्हणून ते वेगळे धुवावे. ते फिकट होणेच अमेरिकेत आवडीचे ठरले.

आपल्या फॅशन पुरवणीत कपड्यांच्या किमतींसोबत रफू आणि सोल बदलण्याविषयीही छापावे, ही विनंती.

– एक वाचक, पुणे