हुरड्याच्या दिवसात पांढरीवरनं एकदा ड्रोन फिरवा

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री साहेब,
सप्रेम नमस्कार.

स्वामित्व योजनेत गावठाणं ड्रोननं मोजली, लोकांना प्रॉपर्टी कार्ड मिळाली, चांगलं झालं. पण त्याच फोटोंत घरांच्या जोडीला पडक्या गढ्या, वेशी, बुरुज, बारवा पण आल्याच की. ते फोटो भूमी अभिलेखकडून मागून पुरातत्त्व खात्याला द्या, एवढं तर बिनखर्चाचं आहे.

खरा मामला मात्र गावठाणाबाहेर, रानात आहे. हत्तरसंग कुडलला भीमा-सीना संगमावर शके ९४० चा मराठी शिलालेख आहे, सगळे फोटो काढून येतात, पण त्या देवळाभोवतीची वस्ती कुठपर्यंत होती हे कोण बघणार? मंगळवेढ्याजवळच्या ब्रह्मपुरीला औरंगजेबाची छावणी १६९५ ते १६९९ होती, बादशहाचा सगळा लवाजमा, आता तिथं नुसती शेतं. आणि पांढरीची (जुनी वस्ती ढासळून झालेल्या पांढऱ्या मातीची) टेकाडं तर जेसीबी लावून, ट्रॉल्या भरून माती शेतात टाकायला चाललीत.

आपल्या शाळूच्या रानात ड्रोनला फार दिसू शकतं साहेब. पीक नुसत्या जमिनीतल्या ओलीवर येतं, त्यामुळं खाली भिंत गाडलेली असली की वरची माती पातळ, ज्वारी खुरटी राहते नि आधी पिवळी पडते, आणि बुजलेला खंदक किंवा पेव (धान्य साठवायचा खड्डा) असलं की तिथं ताटं उंच, हिरवीगार. बांधावर उभं राहून काही कळत नाही, पण शंभरेक मीटरवरनं सरळ रेघा, चौकोन दिसतात. पाऊस कमी झालेल्या साली तर जास्तच उठून दिसतात (दुष्काळाचा एवढा तरी फायदा घ्या).

२०२१ च्या ड्रोन नियमानं ग्रीन झोनमध्ये (नकाशावर हिरव्या दाखवलेल्या भागात) १२० मीटरपर्यंत उडवायला परवानगी लागत नाही. अडचण होटगी रोडच्या विमानतळाजवळच्या गावांची आणि संरक्षित स्मारकांची, तिथली परवानगी तुम्ही एकदाच काढून द्या, प्रत्येक कॉलेजच्या पोरांनी वेगवेगळे अर्ज घेऊन कशाला हिंडायचं. उडवायच्या आधी शेतकऱ्याला मात्र विचारा, नाहीतर जमीन जाणार म्हणून गाव बिथरतं.

आणि हे नकाशे सरसकट नेटवर टाकू नका, गुप्तधनवाले पहारी घेऊन तुमच्या खात्याच्या आधी पोचतील. हुरडा डिसेंबरात सुरू होतो, तेव्हा आदेश नोव्हेंबरातच काढा.

आपला,
एक सोलापूरकर