भीड भिकेची बहीण

नौपाडा, ठाणे
रविवार, १८ जानेवारी २०२६

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार. तिळगूळ पोचला म्हणालास. लाडू दगडासारखे झाले होते हे मात्र शिताफीनं टाळलंस. मेघनाला कळलंय.

ऐरोलीला बदली, वहिनींची नोकरी सुटणार, आणि एका पगारात इकडे कसं भागवायचं, हा तुझा परवाचा प्रश्न डोक्यातून जात नाहीये. खर्चाचा तक्ता मागितलास, पण तक्ता नाही. तीन महिने लिहिला. चौथ्या महिन्यात 'इतर' या रकान्यात अकरा हजार निघाले आणि मेघनानं ती वहीच रद्दीत टाकली.

त्या अकरा हजारांकडे नीट पाहिलं तेव्हा कळलं, की आमचे पैसे चैनीत जात नव्हते, भिडेपोटी जात होते. तू मला पाचवीपासून ओळखतोस. आई जांभळी नाक्यावर मेथीच्या जुडीवरून भाव करायला लागली की मी चार दुकानं पुढे जाऊन उभा राहायचो. मोठा झालो तरी तेच. समोरच्यानं आकडा सांगितला की खिशात हात.

मला शहाणं केलं आमच्या सुरेखाताईंनी. किसननगरहून येतात. गेल्या वर्षी भांडी झाल्यावर हात पुसत म्हणाल्या, "दादा, दोन वर्षं झाली. पुढच्या महिन्यापासून पाचशे वाढवा. समोरच्या बिल्डिंगीत तेवढेच देतात." आणि गप्प उभ्या राहिल्या. महागाईचं रडगाणं नाही की मुलाच्या फीचा विषय नाही. ती शांतता मला सोसवेना, मी 'हो' म्हणून मोकळा झालो. (द्यायलाच हवे होते. दोन वर्षं मी आपणहून तोंड उघडलं नव्हतं, हे जास्त लाजिरवाणं.) रात्री मेघना म्हणाली, "त्यांना जमतं ते तुला का जमू नये?"

ऑगस्टमध्ये घराचं अ‍ॅग्रीमेंट संपत होतं. भाडं २६,०००. एजंट म्हणाला, सगळीकडे दहा टक्केच वाढतं, शिवाय नवीन कागदांसाठी माझी दलाली, अर्ध्या महिन्याचं भाडं. एरवी मी दिलं असतं. या वेळी सरळ डोंबिवली गाठली, मालकांच्या घरी. निवृत्त गृहस्थ आहेत, आम्ही काका म्हणतो. जाण्याआधी मेघनानं पाकिटाच्या पाठीवर हिशोब मांडला होता. दहा टक्के म्हणजे वर्षाला ३१,२००, पाच टक्के म्हणजे १५,६००. काकांच्या दृष्टीनं सगळा खेळ १५,६०० रुपयांचा. पण आम्ही सोडलं आणि घर एकच महिना रिकामं राहिलं, तर त्यांचे २६,००० गेले. वर रंग आणि दलाली.

मी म्हणालो, "काका, पाच टक्के. अ‍ॅग्रीमेंट अकरा महिन्यांचं नको, तीन वर्षांचं करू. भाडं एक तारखेला." आणि गप्प बसलो. पंखा करकरत होता. काका म्हणाले, "साडेसात." मी चहाचा घोट घेतला, तोही हिमतीनं नव्हे, घशाला कोरड पडली होती म्हणून. तेवढ्यात आतून काकूंचा आवाज आला, "अहो, मागे दोन महिने कुलूप होतं, विसरलात का?" सहावर मिटलं. मुद्रांक शुल्क पाव टक्का आणि नोंदणीचे हजार. ते हजार आणि ती धावपळ आता तीन वर्षांतून एकदाच. एजंटाचे तेरा हजार वाचले ते वेगळेच.

खरी गंमत पुढे आहे. सोसायटी भाडेकरू ठेवल्याबद्दल दरमहा नऊशे लावत होती आणि काका ते आमच्याकडून घेत होते. बिलावर 'बिनभोगवटा शुल्क' असं भारदस्त नाव. सरकारचा १ ऑगस्ट २००१ चा निर्णय आहे, की हे शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि पालिकेचे कर त्यात धरायचे नाहीत. काकांच्या बिलात सेवाशुल्क १,८०० होतं. म्हणजे फार तर १८०! मी कागद दाखवला तर काका माझ्यापेक्षा जास्त भडकले. सेक्रेटरींना पत्र त्यांनीच लिहिलं, सुवाच्य अक्षरात, तीन पानी. आता १८० येतात. पोटभाडेकरूसारखा बिचकत राहणारा मी काकांच्या पक्षाचा माणूस झालो.

आता तुझं नाशिकच्या फ्लॅटचं कर्ज. ते २०१७ चं, म्हणजे एमसीएलआरवालं, ज्याचा दर बँक स्वतःच्या खर्चावरून ठरवते. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवीन फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या व्याजाची, घरकर्जं बाहेरच्या दराला बांधावी लागतात, बहुतेक ठिकाणी रेपोला, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दरानं बँकांना पैसे देते त्याला. तुझ्यासारखी जुनी कर्जं आहे तिथंच राहिली. २०२५ मध्ये रेपो साडेसहावरून सव्वापाचवर आला. तुझ्या व्याजात किती उतरलं? पासबुक काढून बघ. जुनं कर्ज आपणहून कुणी रेपोवर बदलून देत नाही, शाखेत जाऊन लेखी मागावं लागतं. एकदाच फी घेतील. अठरा लाख बाकी असतील तर एका टक्क्याचे वर्षाला अठरा हजारांच्या आसपास होतात, तेव्हा फी मनाला लावून घेऊ नकोस. 'सर, करून देतो' म्हणून फिरवायला लागले तर कर्ज दुसरीकडे नेतो म्हण. फ्लोटिंग घरकर्ज मुदतीआधी फेडलं तर तुझ्यामाझ्यासारख्याला दंड लावता येत नाही, म्हणून ती पोकळ धमकी ठरत नाही.

लोकलच्या पासात घासाघीस नसते, पण तीन महिन्यांचा पास महिन्याच्या पासाच्या २.७ पटीत मिळतो. इंटरनेटवाल्याला 'बंद करतो' म्हटलं, एक महिना फुकट मिळाला. संपलं.

सगळंच साधलं असं समजू नकोस. गेल्या जुलैत अंगात आलं आणि तुर्भ्याच्या मार्केटमधून कांद्याची पन्नास किलोची गोणी आणली, चार घरांत वाटायला. भाव उत्तम पाडला होता, टेम्पोत मिरवत आलो. दोन घरांनी सांगितलं, आमच्याकडे चातुर्मास, कांदा बंद. त्यांचा पंचवीस किलो वाटा आमच्या पलंगाखाली. आई फोनवर हसून हसून खोकायला लागली. "अरे, कांदेनवमीला कांदा संपवायचा असतो, तू भरतोस कसला?" दहा दिवसांत घरभर वास सुटला. अर्धा मी तोंडाला रुमाल बांधून फेकला. तेव्हापासून भाजी आईच्या जुन्या भाजीवालीकडूनच, ती सांगेल त्या भावानं. कढीपत्ता ती न मागता टाकते.

फेब्रुवारीतल्या कुठल्याही रविवारी ये. घणसोली, कोपरखैरणे दोन्ही पाहू. एजंटाला आधी नंबर देऊ नकोस, आणि बोलणी वहिनींना करू दे. तू माझ्याहून भिडस्त आहेस. येताना कर्जाचं मंजुरीपत्र आण.

आणि हो, हरिश्चंद्रगडाच्या वेळचे माझे साडेतीनशे तुझ्याकडे आहेत. सहा वर्षं मागायला लाजत होतो.

तुझा,
अभय