पंपाची हवा

सायकलवाले काका, सप्रेम नमस्कार.

हे पत्र तेव्हाच द्यायला हवं होतं. दोन-तीनदा लिहायला बसले, दर वेळी डोळे भरून आले आणि राहून गेलं. परवा लेकीच्या मैत्रिणीचा वाढदिवस होता. हॉलच्या दारात एक मुलगा मशिनने फुगे फुगवत बसला होता. लेक त्याच्यापाशी थांबली, जरा वेळ बघत राहिली आणि मला म्हणाली, "आई, हे पण पंपाचेच आहेत." घरी आल्या आल्या कागद घेतला.

तुम्हाला तारीख आठवत नसेल. १७ जुलै २०२०, शुक्रवार. पुण्यात पुन्हा दहा दिवसांचा लॉकडाऊन लागला होता आणि पहिले काही दिवस तर दूध-औषधं सोडली तर सगळं बंद. त्याच्या आधीच्या शनिवारी यांचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. त्यांना बालेवाडीला कोविड केंद्रात नेलं. आम्हा मायलेकींचे स्वॅब निगेटिव्ह आले, पण चौदा दिवस दाराबाहेर पाऊल टाकायचं नव्हतं. आणि शुक्रवारी लेकीला सहावं वर्ष पूर्ण होणार होतं.

२२ मार्चच्या संध्याकाळी पाच वाजता आमच्या सोसायटीच्या एकूण एक गॅलरीत थाळ्या वाजल्या होत्या. मीही वाजवली होती, मनापासून. त्या शनिवारी अँब्युलन्स पार्किंगमध्ये येऊन थांबली, तेव्हा त्याच गॅलऱ्यांची दारं एकेक करून लागली. खालून वर पाहणाऱ्या माझ्या नवऱ्याला हात करायला कुणी नव्हतं. रात्री ग्रुपवर मेसेज सुरू झाले. त्यांचा कचरा जिन्यातून नेऊ देऊ नका. लिफ्ट बंद ठेवा. मुलीला गॅलरीत उभं करू नका. हा शेवटचा मेसेज मी किती वेळा वाचला असेन. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत एकटी उभी राहिलेली पोर कुणाचं काय बिघडवणार होती?

भीती सगळ्यांनाच होती. मी स्वतः दुधाची पिशवी साबणाने धूत होते, भाजी मिठाच्या पाण्यात बुडवत होते. नियमांबद्दल माझी तक्रार नव्हती आणि आजही नाही. पण फोन करून "जेवलात का?" एवढं विचारायला कुठल्या नियमाची आडकाठी होती? शेजारच्या इमारतीत घरी केक करणाऱ्या बाईंनी आधी ऑर्डर घेतली होती. रिपोर्टची बातमी पसरली आणि त्यांनी माझा फोन उचलणं बंद केलं. "नाही जमणार" म्हणाल्या असत्या तरी मी समजून घेतलं असतं. नात्यातल्या एकीने समजूत घातली, वाढदिवस काय, पुढच्या वर्षीही येईल. सहा वर्षांच्या मुलीला पुढचं वर्ष म्हणजे काय ते कसं समजावायचं, हे मात्र तिने सांगितलं नाही.

लेकीला केकचं एवढं नव्हतं. तिला फुगे हवे होते. तिने आपल्याच मनाने बेत केला होता की सगळ्या मैत्रिणींनी आपापल्या घरी एकेक फुगा फुगवायचा आणि वॉचमनकाकांकडे द्यायचा. मी म्हटलं, बाळा, फुग्यात ज्याचा त्याचा श्वास असतो, सध्या ते नको. ती गप्प झाली. रात्री अंथरुणात माझ्याकडे पाठ करून झोपली होती. मी जवळ ओढायला गेले तर म्हणाली, "माझ्या श्वासात पण आहे का?" आणि तिने तोंडावर हात धरला.

काका, ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. यांनाही बऱ्याच उशिरा सांगितली.

गुरुवारी सकाळी तुम्ही दूध घेऊन गेटवरून चालला होतात. फेब्रुवारीत तुम्ही तिच्या सायकलला आधाराची दोन छोटी चाकं बसवून दिली होती, म्हणून ती तुम्हाला ओळखत होती. गॅलरीतून तिने ओरडून सांगितलं, "काका, उद्या माझा वाढदिवस आहे, पण फुगे नाहीत, कारण श्वास चालत नाही." मी धावत जाऊन तिला आत घेतलं. मेसेजची आठवण होती ना. तुम्ही वर बघून नुसती मान हलवलीत.

शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या सुमाराला खाली सायकलची घंटी वाजली. सारखी वाजतेय म्हणून बाहेर आले. पार्किंगच्या मधोमध, उघड्यावर, तुम्ही उभे. मास्क, त्यावरून उपरणं गुंडाळलेलं. आजूबाजूला चिटपाखरू नाही. समोर तुमचा तो काळा, उंच, लाकडी मुठीचा पंप आणि हातात पाकीट. घरून फुगवून आणले असते तर तुमचं काम सोपं झालं असतं. पण तुम्ही लेकीला दिसेल असं उभं राहून एकेक फुगा नळीच्या तोंडावर बसवलात, बोटांनी घट्ट धरलात आणि दुसऱ्या हाताने दट्ट्या मारलात. तिला मोजता येतील असे, सावकाश. आणि वर बघून मोठ्याने म्हणालात, "बघ गं, पंपाची हवा आहे. कुणाचाही श्वास नाही. तुझ्या श्वासात पण काही नाही, बरं का."

हे शेवटचं वाक्य तुम्ही का म्हणालात, मला आजही कळलेलं नाही. तिचं रात्रीचं बोलणं तुमच्या कानावर जाण्याची काही वाटच नव्हती. कदाचित गुरुवारी तिच्या ओरडण्यातूनच तुम्हाला उमगलं असेल. मी मात्र गॅलरीच्या कठड्याला धरून उभी होते आणि लेकीने चार दिवसांत पहिल्यांदा तोंडावरचा हात काढून मोठ्याने हसून दाखवलं.

फुगे सात होते. "सहाच हवेत, पण एखादा फुटतोच," असं तुम्ही म्हणालात. दुधाची पिशवी वर घ्यायला आम्ही वाळत घालायची दोरी वापरायचो, तीच खाली सोडली. तुम्ही गाठ मारलीत आणि दहा पावलं मागे सरकलात. गॅसचे फुगे नव्हते, त्यामुळे ते भिंतीला घासत, एकमेकांवर आपटत वर येत होते. दुसऱ्या मजल्यावर एक लाल फुगा खिडकीच्या ग्रिलमध्ये अडकला. आठवडाभर बंद असलेली ती खिडकी उघडली, बांगड्या भरलेला एक हात बाहेर आला आणि त्याने फुगा हळूच सोडवला. कुणाची खिडकी होती ते इथे लिहीत नाही. पण त्यानंतर ती बंद झाली नाही, हे मी पाहिलं. मग तुम्ही पुन्हा घंटी वाजवलीत. समोरच्या विंगमधली दोन पोरं ग्रिलला नाक लावून टाळ्या वाजवू लागली, मग तिसरं आलं.

केक आम्ही कुकरमध्ये बिस्किटांचा केला होता. मेणबत्ती फुंकली नाही. मी औक्षण केलं, यांनी बालेवाडीहून व्हिडिओ कॉलवर बघितलं. निरांजन तेवत राहिलं.

पुढे वाचनात आलं की त्याच जुलै महिन्यात, ६ तारखेला, जगभरातल्या २३९ शास्त्रज्ञांच्या पाठिंब्याने एक जाहीर पत्र निघालं होतं. बोलताना, श्वास सोडताना निघणारे अगदी बारीक कण बंद खोलीत हवेत तरंगत राहतात, तेव्हा खेळती हवा ठेवा, गर्दी टाळा, असं त्यांचं सांगणं होतं. आम्ही तेव्हा पिशव्या धूत होतो. तुम्ही ते पत्र वाचलं नसणार. पण ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवून बुडबुडा कुठून येतो ते बघण्यात तुमचा जन्म गेला. हवा कुठे कोंडते, कुठून निसटते, हे तुमच्या बोटांना ठाऊक. म्हणून तुम्ही उघड्यावर उभे राहिलात, तोंड झाकलंत, लांब राहिलात, फुग्यावर ओठ टेकवला नाहीत. एकही नियम मोडला नाहीत आणि आमच्या घराला वाळीतही टाकलं नाहीत. आम्हा शिकलेल्या माणसांना त्या आठवड्यात हे दोन्ही एकदम जमलं नव्हतं.

पर्वती पायथ्यापासून तुमच्या दुकानापर्यंत चालत येताना हल्ली मला वाटतं, या शहराला अशाच माणसांनी धरून ठेवलंय. ती सभेत बोलत नाहीत, ग्रुपवर नसतात. पोर रडवेली दिसली की घरी जाऊन पंप घेऊन येतात.

त्या दिवशी मी वरून पैशांचं विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "दुकान उघडलं की या ताई, आधाराची चाकं काढून देतो, तेव्हा बघू." सप्टेंबरात आलो. चाकं काढलीत, सीट धरून तिच्यामागे गल्लीच्या टोकापर्यंत धावलात. तेव्हाही पैसे घेतले नाहीत.

आता तिची मोठी सायकल आहे आणि मागच्या चाकाची हवा सारखी जाते. रविवारी सकाळी आम्ही दोघी येतोय. या खेपेला पंक्चरचे पैसे घ्या, आणि पाकीटभर फुग्यांचेही. पंप मात्र तिला मारू द्या. तसं तिने मला बजावून सांगितलंय.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची ताई