स्वस्त इंजिन शोधताना आधी गिअरबॉक्स आणि आरसी बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पाऊस ओसरला की कणकुंबी, आमगाव, जांबोटीकडची जुनी मारुती जिप्सीवाली मंडळी खानापुरात गॅरेजला येतात. कुणाची गाडी ओढत आणलेली असते, कुणाची निळा धूर सोडत कशीबशी पोचलेली. प्रश्न बहुतेकांचा सारखाच: "मिस्त्री, स्वस्तात कुठलं इंजिन बसेल?" जिप्सीचं उत्पादन २०१९ मध्ये बंद झालं, पण आमच्या जंगलपट्टीत ही गाडी अजून कामाची आहे. वजनाला हलकी, खाली पाटे, लो गिअर आहे, आणि काजूच्या बागेपर्यंतच्या चिखलात दुसरी छोटी गाडी इतकी भरवशाची नाही. म्हणून या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांना एकदम द्यावं, यासाठी हे पत्र.

माझं म्हणणं असं: जिप्सीत जिप्सीच्याच घराण्यातलं इंजिन घाला, आणि तेही आधीचं इंजिन खरोखर गेलं आहे याची खात्री करून.

ही खात्री कुणी करतच नाही. धूर दिसला की भंगारवाल्याला फोन जातो. खरं तर काम सोपं आहे. इंजिन गरम असताना चारही प्लग काढायचे, इग्निशन आणि पेट्रोलचा पुरवठा तोडायचा, अ‍ॅक्सिलेटर पूर्ण दाबून सेल्फ मारायचा आणि प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन गेजवर बघून लिहून ठेवायचं. ज्याचा आकडा कमी येतो त्यात प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडायचं आणि पुन्हा सेल्फ मारायचा. काटा वर चढला तर पिस्टनच्या रिंगा नाहीतर बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजलेत. काटा जागचा हलला नाही तर दोष बहुतेक व्हॉल्व्हमध्ये किंवा हेड गॅस्केटमध्ये. गिऱ्हाइकाने शेजारी उभं राहून हे बघावं, आकडे स्वतः लिहून घ्यावेत. जिप्सीच्या १२९८ सीसी इंजिनाचा बोअर ७४ मिलिमीटरचा. तो थोडा मोठा करून ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटरचे ओव्हरसाइज पिस्टन घालता येतात. बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग ही कामं आपल्या बेळगावात उद्यमबागेत होतात. ब्लॉक शाबूत असेल तर इंजिन बदलण्यापेक्षा हाफ इंजिनचं (ब्लॉक, पिस्टन, क्रँकचं) काम काढणं बहुतेक वेळा परवडतं, आणि इंजिन नंबरही तोच राहतो.

ओढ्यात इंजिनाने पाणी ओढून पिस्टनचा रॉड वाकला आणि ब्लॉक फोडून बाहेर आला, तर मात्र दुसरं इंजिन आलंच. अशा वेळी आपली जिप्सी कुठली ते आधी ओळखा. १९८५ ची पहिली जिप्सी ९७० सीसीची, चार गिअरची. १९९६ मध्ये जिप्सी किंग आली, १२९८ सीसी, कार्ब्युरेटर, ६० हॉर्सपॉवर. २००० नंतरची १६ व्हॉल्व्हची एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी पेट्रोल इंजेक्शनची, ८० हॉर्सपॉवर. किंगच्या दोन्ही प्रकारांना मारुती एस्टीमचं १.३ लिटरचं इंजिन जवळचं, कारण ते त्याच घराण्यातलं आहे आणि गिअरबॉक्सच्या तोंडाला जुळतं. एस्टीममध्ये ते गाडीच्या रुंदीत आडवं बसतं, जिप्सीत लांबीच्या दिशेने. त्यामुळे एस्टीमचा ब्लॉक आणि हेड घ्यायचं, पण चेंबर (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं), मॅनिफोल्ड, माउंटिंग आणि फ्लायव्हील आपल्या जिप्सीचंच लावायचं. म्हणून जुनं इंजिन भंगारात देण्याची घाई करू नका, त्याच्यावरचं निम्मं सामान नव्यावर चढणार असतं. कार्ब्युरेटरच्या गाडीला सुरुवातीच्या कार्ब्युरेटरवाल्या एस्टीमचं इंजिन बघा. इंजेक्शनचं घेतलंत तर ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर), वायरिंग, जास्त प्रेशरचा पेट्रोल पंप, परतीची लाइन, सगळं मागोमाग येतं. ९७० सीसीवाल्यांनी तर पाच गिअरच्या बॉक्सचा हिशेब आधीच धरावा.

एस्टीमही २००७ ला बंद झाली, म्हणजे मिळणारं इंजिन जुनंच असणार. चेंबरचा नट थोडा सैल करून ऑइल बघा. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, ते इंजिन घेऊ नका. बसवण्याआधी टायमिंग बेल्ट, वॉटर पंप आणि क्रँकचे ऑइल सील नवीन घाला. इंजिन बाहेर असताना हे काम तासाभराचं असतं, आत गेल्यावर दिवस जातो.

आता डिझेलविषयी. तरुण मुलं स्विफ्टचं १२४८ सीसी डिझेल मागतात, आणि त्यांचं म्हणणं मला कळतं. त्याचा १९० न्यूटन-मीटर टॉर्क २००० आरपीएमलाच मिळतो, जिप्सीच्या पेट्रोलचा १०३ आणि तोही ४५०० ला. चोर्ल्याच्या चढाला हा फरक पायाला लागतो. पण जवळजवळ दुप्पट जोर त्याच जुन्या गिअरबॉक्समधून, त्याच शाफ्टमधून जाणार, याचा विचार कोण करतो? पुढचं वजन वाढलं की पाटे दबतात. अ‍ॅडॉप्टर प्लेट लेथवर करून घ्यावी लागते, आणि तिचं सेंटर जरा जरी चुकलं तरी क्लच आणि गिअरबॉक्सची बेअरिंग लवकर जातात. वर ईसीयू, इमोबिलायझर (चावी ओळखल्याशिवाय इंजिन चालू न होऊ देणारं यंत्र), इलेक्ट्रॉनिक पेडल, इंटरकूलर. भंगारात इंजिन स्वस्त मिळतं ते या सगळ्याशिवाय. आपल्याकडे डिझेल कशातही बसतं ही समजूत जुन्या महिंद्रा जीपमुळे पडली. प्युजोच्या परवान्यावरच्या त्या २११२ सीसी इंजिनाला यांत्रिक पंप होता, डिझेल आणि हवा मिळाली की ते चालायचं. स्विफ्टच्या कॉमन रेल, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या डिझेलचं तसं नाही. आमगावच्या पावसात कनेक्टरमध्ये पाणी गेलं की गाडी जंगलात उभी, आणि तिथे स्कॅनर घेऊन कोण येणार?

कागदाचा प्रश्न त्याहून मोठा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलल्याची नोंद करून घ्यावी लागते, त्यासाठी १४ दिवसांची मुदत आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार चालणार नाही. कलम १८२-ए खाली प्रत्येक फेरफाराला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याच प्रकारच्या इंजिनाला मंजुरी मागणं वेगळं आणि पेट्रोलच्या आरसीवर (नोंदणीपत्रावर) डिझेल चालवणं वेगळं. अपघात झाला तर विमा कंपनी सगळ्यात आधी हेच बघणार. म्हणून विकणाऱ्याकडून बिल आणि ज्या गाडीचं इंजिन आहे तिच्या आरसीची प्रत घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. नंबर घासलेला दिसला तर, कितीही स्वस्त असो, परत फिरा.

सीमाभागात यात आणखी एक गाठ आहे. चंदगड, गडहिंग्लजहून एमएच-०९ च्या (कोल्हापूर नोंदणीच्या) गाड्या इकडे विकत येतात, इकडच्या केए-२२ (बेळगाव) तिकडे जातात. पंधरा वर्षांपुढच्या गाडीला दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण लागतं, आणि तपासणीत इंजिन नंबर आरसीशी जुळला नाही की फाइल तिथेच थांबते. इंजिन एका राज्यात बदललेलं, एनओसी (दुसऱ्या राज्यात नेण्याचं ना-हरकत पत्र) जुन्या नंबरावर काढलेली, गाडी दुसऱ्या राज्यात. माझ्या एका गिऱ्हाइकाचा कागद असाच दोन कार्यालयांमध्ये अडकला आहे. गाडी ठणठणीत आहे, पण शेडमधून बाहेर काढता येत नाही. घेणाऱ्याने एनओसीआधी बॉनेट उघडून नंबर स्वतः वाचावा. नोंद राहिली असेल तर ती विकणाऱ्याने त्याच्याच कार्यालयात करून द्यावी.

परिवहन खात्याला विनंती आहे की इंजिन बदलण्याच्या मंजुरीसाठी कुठला अर्ज, कुठले कागद, किती शुल्क, आणि कुठलं इंजिन चालतं, हे बेळगाव आणि चिक्कोडीच्या कार्यालयांत फलकावर लावावं. कन्नडबरोबर मराठीतही लावलं तर जंगलपट्टीतला शेतकरी एजंटाकडे न जाता स्वतः अर्ज भरेल. आपल्या वृत्तपत्रानेही ही माहिती खात्याकडून मागवून छापावी. मी ती गॅरेजच्या भिंतीवर चिकटवीन.

आपला,
एक गॅरेजवाला, खानापूर (जि. बेळगाव)