शनिवारच्या श्रवणबैठकीबाबत सूचना

सर्व सभासदांना कळवण्यात येते की, शनिवारी बीटल्सची १९६७ची ‘सार्जंट पेपर्स’ ही तबकडी शेवटच्या खाचेपर्यंत ऐकायची आहे. त्यामुळे सुईची दांडी आपोआप उचलणारे टर्नटेबल आणू नये. अखेरची निरर्थक बडबड तबकडीच्या मध्याजवळच्या बंद (स्वतःलाच येऊन मिळणाऱ्या) खाचेत कोरलेली आहे. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या गतीला तिचा एक फेरा १.८ सेकंदांचा होतो आणि दांडी हाताने उचलेपर्यंत ती फिरतच राहते. स्वयंचलित यंत्र नेमके तिथेच सुई उचलते आणि सगळी गंमत जाते. प्रत १९६७ची ब्रिटिश पार्लोफोन कंपनीची असावी. अमेरिकेतील मूळ कॅपिटॉल प्रतीत हा तुकडाच नव्हता.

‘अ डे इन द लाइफ’ या अखेरच्या गाण्यातला शेवटचा ई मेजर हा स्वरसमूह २२ फेब्रुवारी १९६७ रोजी तीन पियानोंवर एकदम वाजवला गेला. सूर विरत गेला तसे ध्वनिमुद्रकाने फेडर (आवाजाची पातळी ठरवणाऱ्या सरकत्या कळा) वर नेले, म्हणून तो ४० सेकंदांहून जास्त टिकतो आणि मध्येच खुर्चीची करकरही ऐकू येते. तेवढा वेळ आपल्या खुर्च्या वाजवू नयेत!

सूर क्षीण झाला म्हणून आवाज वाढवू नये. लगेच पुढे १५ किलोहर्ट्झच्या आसपासची शिट्टी आहे. ज्येष्ठांना ती बहुधा ऐकू येणार नाही, पण ट्वीटरला (उंच स्वरांच्या छोट्या स्पीकरला) बसायचा तो ताण बसतोच.