सुईला पटेल तेवढंच

प्रिय सखी,

सप्रेम नमस्कार.

फोनवर विचारत होतीस, गोधडीवर रंग अन् कोसा (टसर रेशमाच्या किड्याचा कोश) लावला तर ती अंगावर घ्यायची कशी? नाहीच घ्यायची. हातभर लांबीचे तुकडे आहेत, भिंतीवर लावायचे. घडण मात्र गोधडीचीच: वर कापड, खाली अस्तर, मध्ये जुन्या धोतराची भर आणि तिन्ही धरणारा धावदोरा. शेजारच्या काकूंनी एक तुकडा उलटसुलट करून पाहिला. "इतका दोरा भरला, अन् पांघराले काहीच नाही वं!" त्यांचंही खरंच आहे.

सध्या वेड लोखंडाचं. सुती कापड हिरड्याच्या काढ्यात बुडवून वाळवायचं. मग व्हिनेगर शिंपडून त्यात गंजके खिळे, विळ्याचं मोडकं पातं गुंडाळून रात्रभर ठेवायचं. लोखंड टेकलं तिथे काळं-निळसर उमटतं, कडेला तांबूस. ही हिरड्यातल्या टॅनिनची, म्हणजे तुरट द्रव्याची, करामत. हिरडा नसेल तर नुसता नारिंगी गंज येतो. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढायलाच हवं, नाहीतर लोखंड कापडाला खात राहतं. (तरी थोडं खातंच. नातवंडांसाठी जपायची वस्तू असेल तर या वाटेला जाऊ नये.) पळसाचा पिवळाही सुंदर येतो, पण उन्हात उडतो.

जीव जडलाय तो कोशावर. आपल्याकडे गडचिरोलीतल्या आरमोरीच्या बाजूला ऐनाच्या झाडांवर होतो तोच. पतंग बाहेर पडून भोक पडलेले कोसे मी घेते; त्यांचा सलग धागा निघत नाही, म्हणून विणणाऱ्यांना ते फारसे कामाचे नसतात. कोरडा कोसा बदामाच्या टरफलासारखा टणक, सुई आत शिरतच नाही. धुण्याच्या सोड्यात उकळला की डिंक सुटतो, मग कात्रीने उभा कापून पसरता येतो. ते भोक मी मुद्दाम ठेवते आणि त्याच्याभोवती लाल दोऱ्याचे टाके घालते.

अमेरिकेतल्या फेथ रिंगगोल्ड यांनी कॅनव्हासवर ॲक्रिलिकने चित्रं रंगवून त्यांच्या गोधड्या केल्या. मला मात्र ॲक्रिलिक जपूनच वापरावंसं वाटतं. जाड थर दिला की कापड प्लास्टिकसारखं वागतं, सुई अडते आणि एकदा पडलेलं भोक मिटत नाही. म्हणून आधी दोरा, मग रंग: जवळजवळ कोरडा ब्रश वरून फिरवला की टाक्यांमधले फुगवटे तेवढे रंगतात, खाचा कोऱ्या राहतात. हे तू करून बघच.

मोह होतो तो चिकटवण्याचा. टिकल्या, आरसे, कागद, काहीही फेविकॉलने डकवता येतं. दिसतंही छान. पण मग दोऱ्याला काम काय उरलं? माझा एवढाच हट्ट आहे की जे लावायचं ते तिन्ही थरांतून टाका घेऊन धरायचं. कागदसुद्धा, पातळ मलमलीवर खळीने बसवला की तो टाका झेलतो.

आणि हो, तुझी ती जांभळी नायलॉनची ओढणी टाकू नकोस, पोस्टाने पाठव. नायलॉनला पेटत्या उदबत्तीने भोकं पाडता येतात, कडा वितळून आपोआप बंद होतात आणि खालचा गंजाचा रंग त्यातून डोकावतो. सुती असेल तर नको, ते धुमसत जातं. काठाची जरही उसवू नकोस, तशीच हवी आहे.

तुझीच